दम खाण्याचे पैसे

जिममध्ये माझ्या आधीच्या स्लॉटला एक काकू येतात. बँकेतून निवृत्त झालेल्या, हिशेबाला पक्क्या. परवा स्क्वॉटचा दुसरा सेट झाला तसा ट्रेनर त्यांना म्हणाला, "काकू, बसा दोन मिनिटं बाकावर." काकू बसल्या नाहीत. टॉवेलनं मान पुसत म्हणाल्या, "अरे, बसायला घरी सोफा आहे की. बसायचे पैसे देते का मी तुला?" ट्रेनर हसला. पण लगेच त्यानं दोन किलोचे डंबेल्स त्यांच्या हातात दिले आणि खांद्यांचा कसलासा व्यायाम लावून दिला. तो संपतो न संपतो तोच तिसरा स्क्वॉट. चौथ्या-पाचव्या रेपला त्यांचे गुडघे आत वळायला लागले. मी शेजारी वॉर्मअपच्या सायकलवर होतो. ट्रेनरलाही ते गुडघे दिसले होते, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. त्यानं सेट आठवर थांबवला आणि मोठ्यानं "मस्त, काकू!" म्हणाला.

काकूंचा प्रश्न मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटला नाही. पर्सनल ट्रेनिंगचा सगळा व्यवहारच त्यावर उभा आहे. महिन्याला बारा सेशन, सेशन एक तासाचं, पैसे आगाऊ. ज्यानं तास विकत घेतला त्याला तो भरलेला हवा, यात गैर काय? रिक्षाचं मीटर सिग्नलला पडत राहिलं तर आपण चरफडतोच. पण माझं म्हणणं असं आहे की काकू बसण्याचेच पैसे देतात, आणि चांगल्या ट्रेनरला ते त्याचेच द्यायला हवेत. वजनं त्यांना कोणीही हातात देईल.

आधी तासाचा हिशेब मांडू. आल्यावर "काय काका, गुडघा कसाय?" वगैरे तीन-चार मिनिटं. वॉर्मअपला आठ-दहा. शेवटी श्वास खाली आणायला आणि ताणायला पाच. उरली चाळीस. या चाळीस मिनिटांत पाच व्यायाम, प्रत्येकाचे तीन सेट, म्हणजे पंधरा सेट. दहा रेप्सचा एक सेट सावकाश केला तरी चाळीस सेकंदांत होतो. पंधरा गुणिले चाळीस म्हणजे सहाशे सेकंद, म्हणजे दहा मिनिटं. तासाभराच्या सेशनमध्ये माणूस वजन उचलतो ते जेमतेम दहा मिनिटं. उरलेला अर्धा तास दोन सेटांच्या मधला. ट्रेनरचं खरं कसब या अर्ध्या तासात दिसतं, आणि गिऱ्हाइकाला नेमका तोच वाया गेलासा वाटतो.

तो वाया का जात नाही याचं कारण स्नायूत आहे. झटक्याच्या, जोराच्या कामासाठी स्नायू क्रिएटिन फॉस्फेटवर चालतो. ही पुंजी लहान. पूर्ण ताकद लावली तर काही सेकंदांतच आटत येते. पुन्हा भरताना निम्मी अर्ध्याएक मिनिटात भरते, पण जवळजवळ पूर्ण व्हायला तीनेक मिनिटं लागतात. मिनिटाभरात पुन्हा वजनाला हात घातला की रेप्स कमी होतात किंवा वजन कमी करावं लागतं. दोन्ही टाळायचं म्हटलं तर मग फॉर्म बिघडतो. काकूंचे गुडघे वळले ते असे. २०१६ मध्ये ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी सरावातल्या एकवीस तरुणांवर आठ आठवडे हाच प्रयोग केला. एका गटाला दोन सेटांत एक मिनिट, दुसऱ्याला तीन. व्यायाम तेच, सेट तेवढेच. तीन मिनिटं बसणाऱ्यांची ताकद जास्त वाढली, मांडीचा स्नायूही जास्त भरला. एकवीस माणसं म्हणजे काही फार नव्हेत, पण ज्याला आपण 'टाइमपास' म्हणतो तो व्यायामाचाच भाग आहे एवढं मानायला पुरे आहेत.

'इंटरव्हल' या शब्दाची तर गंमतच झाली आहे. १९३० च्या दशकात जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर नावाचे धावण्याचे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हे हृदयाचे डॉक्टर यांनी धावपटूंसाठी एक पद्धत बसवली. धावपटूनं थोडं अंतर जोरात पळायचं, नाडी मिनिटाला १८० च्या आसपास न्यायची, मग थांबायचं. नाडी १२० वर आली की पुढची धाव. ती दीड मिनिटात तिथवर आली नाही, तर चूक विश्रांतीची नाही. धाव जास्त झाली असं समजायचं आणि कामच कमी करायचं. हृदय सुधारतं ते या थांबण्याच्या काळात, अशी त्यांची धारणा होती. तिची सगळीच उपपत्ती पुढे टिकली असं नाही, पण पद्धतीला नाव पडलं ते धावण्यावरून नव्हे, मधल्या सुट्टीवरून. गेर्शलरांचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग यानं १९३९ मध्ये मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळून विश्वविक्रम केला. आज आमच्या जिममध्ये 'इंटरव्हल क्लास' असतो. त्यात माणसं चाळीस मिनिटं उड्या मारतात आणि इंटरव्हल मिळत नाही.

तबाताचंही तसंच. इझुमी तबाता यांच्या १९९६ च्या अभ्यासातली ती प्रसिद्ध वीस सेकंद काम, दहा सेकंद थांब ही मांडणी सायकलवरची होती, आणि काम इतकं जबर की सात-आठ फेऱ्यांत माणूस संपावा. चार मिनिटांत खेळ खलास. आता मोबाइलवर 'तबाता' लावून पाऊण तास नाचणं चालतं. ज्याला ते पाऊण तास जमतं तो तबाता करत नसतो, एवढं नक्की.

थांबण्याची एवढी लाज कुठून आली? मला वाटतं, मापातून.

मी कोल्हापुरात तालमीच्या शेजारी वाढलो. स्वतः कधी हौद्यात उतरलो नाही. प्रकृती काडीची होती. पण दुपारच्या शाळेमुळे सकाळी कठड्यावर बसून बघायला मोकळा होतो. तिथलं माप संख्येचं होतं. पाचशे जोर, हजार बैठका. कोणी विचारलं, "काय मेहनत केलीस?" तर उत्तर आकड्यात यायचं, मिनिटांत कधीच नाही. पाचशे जोर मारायला अर्धा तास लागो की दीड, ते ज्याचं त्याला. मधे किती थांबला याची कुठे नोंद नसे, कारण थांबण्यानं कोणाचं काही जात नव्हतं. वस्ताद तेल लावलेल्या भिंतीला टेकून बसलेले असत, आणि एखाद्या पोराची छाती भात्यासारखी हलायला लागली की एवढंच म्हणत, "दम खा." पोरगं गुडघ्यांवर हात ठेवून उभं राही. वस्ताद त्याच्याकडे बघत राहत. कधी लगेच "हं" म्हणत, कधी बराच वेळ म्हणतच नसत. घड्याळ होतं भिंतीवर, पण त्याच्याकडे कोणी बघायचं नाही. दुपारी जेवून झोपायचं हाही तालमीचा नियमच, मेहनतीइतकाच सक्तीचा.

मराठीत दम लागतो आणि दम खातातही. थांबण्याला आपण खाण्याच्या क्रियापदात बसवलं, म्हणजे ते खुराकातलं मानलं. जिममध्ये या जागी 'रेस्ट' आलं आणि अर्थही उतरला. रेस्ट घेतात ती सुट्टीच्या दिवशी.

संख्येच्या मापात थांबणं फुकट असतं. माप तासाचं केलं आणि तास विकायला ठेवला की त्याच थांबण्याला भाव येतो. आणि भाव आला की दोन्ही बाजू कासावीस होतात. गिऱ्हाइकाला वाटतं मीटर पडतंय, ट्रेनरला वाटतं आपण रिकामे दिसतोय. मग तो मधल्या वेळात काहीतरी घालतो: दोरीवरच्या उड्या, प्लँक, हातात दोन किलोचे डंबेल्स. घाम येतो. घाम ही पैसे वसूल झाल्याची पावती, ती दाखवून गिऱ्हाईक खूश. मे महिन्यात नुसतं बसलं तरी पुण्यात घाम येतो हे कोणी लक्षात घेत नाही.

इथे मला थोडं थांबून स्वतःच्याच बाजूला कापायला हवं. तालमीचे गोडवे गाणं सोपं आहे. शाहू महाराजांनी मल्लांना राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, त्या परंपरेत वाढलेल्या पोराकडे सबंध दिवस होता. पहाटे उठायचं, मेहनत, खुराक, झोप, पुन्हा मेहनत. काकूंना तालमीच्या दारात तरी उभं केलं असतं का? पासष्टीच्या बाईला, गुडघे झिजलेल्या, नातवाला साडेअकराला शाळेतून आणायचं असलेल्या बाईला व्यायामाच्या जागेत शिरता आलं ते या विकत मिळणाऱ्या तासामुळेच. तास ठरलेला आहे, पैसे भरलेत, कोणीतरी वाट बघत उभा आहे, म्हणून माणूस पावसातही येतो. माझ्यासारखे कितीजण त्या एका भीतीनं उठतात! तेव्हा तास हवाच. तो हजेरीचा करार म्हणून उत्तम आहे. घोळ होतो तो करार शरीरावर लादला की.

कारण साठ या आकड्याशी शरीराचं काही देणंघेणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करा असं आहे. एका वेळी किती मिनिटं, ते नाही. पूर्वी, २०१० मध्ये, दम लागणारा व्यायाम किमान दहा मिनिटं सलग हवा अशी अट होती, तीही त्यांनी काढून टाकली. 'दहाचे तीन सेट' हा जिमचा मूलमंत्रसुद्धा तासातून आलेला नाही. तो थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरचा. दुसऱ्या महायुद्धातून जखमी होऊन आलेल्या सैनिकांच्या पायांत ताकद परत आणण्यासाठी त्यानं जड वजनांचा उपाय केला आणि १९४५ मध्ये तो प्रसिद्ध केला. सुरुवातीला तो सत्तर-शंभर रेप्स करून घेई. तेवढ्याची गरज नाही असं दिसल्यावर १९४८ मध्ये वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर त्यानं ते तीन सेटांवर आणलं: पहिला निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण. म्हणजे पहिले दोन एका अर्थानं तिसऱ्याची तयारीच. कमी करत करत आलेला हा मंत्र आहे. आम्ही तो घेतला आणि त्याच्यावर फिनिशर चढवला.

फिनिशर म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. मुख्य काम पंचेचाळीसाव्या मिनिटाला आटोपतं. ट्रेनर घड्याळ बघतो. आता सोडलं तर हा माणूस रिसेप्शनला जाऊन म्हणेल, "आज पंधरा मिनिटं आधीच सोडलं." म्हणून मग पोटाचे व्यायाम. जगातल्या सगळ्या सेशनांच्या शेवटी पोट येतं, याचं कारण पोटात नसून घड्याळात आहे असा माझा संशय आहे.

तासाचा भरणा करण्याच्या नादात तास कोणता आहे, हेही बघायचं राहून जातं. साडेपाच-सहाचा पहाटेचा स्लॉट सर्वांत आधी भरतो; ऑफिसवाले तोच घेतात. अंथरुणातून उठून वीस मिनिटांत माणूस डेडलिफ्टला वाकलेला असतो. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, म्हणूनच आपण सकाळी किंचित उंच असतो. ती उंची उतरते त्यातला मोठा भाग उठल्यानंतरच्या पहिल्या तासात. तोवर वाकताना कमरेवर ताण जास्त येतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या लोकांना दुसरं काही न देता सकाळी लवकर कमरेतून वाकणं टाळायला शिकवलं, तर त्यांचं दुखणं कमी झालं. म्हणजे सहाच्या माणसाचं सेशन आणि संध्याकाळी सातच्या माणसाचं सेशन एकाच क्रमानं चालवणं बरोबर नाही. सहाच्याला आधी चालवावं, ओढण्या-ढकलण्याचे व्यायाम द्यावेत, वाकून उचलायचं शेवटाकडे न्यावं. संध्याकाळच्या माणसाला जड काम ताजेपणी, सुरुवातीलाच. साठीपुढच्यांना तोल सांभाळायचे व्यायामही दमण्याआधी, कारण एका पायावर उभं राहताना मांड्या थरथरत असतील तर तो पडायचा सराव होतो.

आणि "काय खाल्लं?" हा प्रश्न. आमच्या पिढीत दर दोन-चार जणांत एखादा मधुमेही. इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांवर असलेला माणूस उपाशीपोटी चाळीस मिनिटं खपला तर साखर खाली जाऊन गरगरायला लागतो. हा प्रश्न विचारायला दहा सेकंद लागतात, पण विचारायची वेळ म्हणजे पुन्हा तीच, काहीही न करण्याची.

आता काकूंच्या बाजूचं खरं तेही सांगतो. मधला वेळ ट्रेनर नेहमी माझ्यासाठीच वापरतो असं नाही. मी एका जिममध्ये असा ट्रेनर पाहिलाय, जो सेट संपला की फोन काढायचा आणि फोन ठेवला की पुढचा सेट. माझ्या विश्रांतीची लांबी त्याच्या रीलच्या लांबीवर. कधी वीस सेकंद, कधी सहा मिनिटं. अशा माणसाला बसण्याचे पैसे देऊ नयेतच. पण बाहेरून बघणाऱ्याला हा आणि तो वस्ताद सारखेच दिसतात, दोघेही काही करत नाहीत. फरक फक्त नजर कुठे आहे यात. म्हणून चांगल्या ट्रेनरची पंचाईत होते. नुसतं बघत उभं राहणं हे काम आहे हे तो सिद्ध कसं करणार?

मधे सोपं काम घालणं सरसकट चूक, असंही मला म्हणायचं नाही. छातीच्या व्यायामानंतर पाठीचा, असे एकमेकांच्या आड न येणारे दोन व्यायाम आलटून पालटून केले तर वेळ वाचतो आणि ताकद फारशी घटत नाही. ज्याच्याकडे खरंच अर्धाच तास आहे त्यानं ते जरूर करावं. काकूंच्या हातात डंबेल्स दिले गेले ते मात्र वेळ वाचवायला नव्हते. त्यांच्या हिशेबाला घाबरून दिले होते, आणि तेवढ्यासाठी दोन मिनिटांचं एक मिनिट झालं.

हे मी ट्रेनरला बोलून दाखवलं. तो सोलापूरकडचा, सत्तावीस-अठ्ठावीसचा. म्हणाला, "काका, मला कळत नाही का? पण त्यांनी पुढच्या महिन्याचं पॅकेज घेतलं नाही तर?" त्याचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो. सहा ते अकरा लागोपाठ सेशन, मग संध्याकाळी पाच ते दहा. दोन्ही पाळ्यांत फ्लोअरवर बसायला मनाई; ट्रेनर बसलेला दिसला तर मालकाला आवडत नाही. गिऱ्हाइकाला विश्रांती सांगणाऱ्यानं स्वतः दहा तास उभं राहायचं. दुपारी तो पूर्वी खोलीवर जायचा, आता पेट्रोल परवडत नाही म्हणून स्टोअररूममध्ये मॅट टाकून झोपतो. सेशन दिलं तर पैसे. गिऱ्हाईक गावाला गेलं की तो तास कोरडा. अशा माणसाकडून आपण अपेक्षा करतो की त्यानं गिऱ्हाइकाला ठणकावून सांगावं, "बसा." वस्ताद सांगू शकत होते. पोरगं त्यांचं गिऱ्हाईक नव्हतं.

मी तीन महिन्यांपूर्वी त्याच्याशी एक ठरवलं. माझा तास पंचेचाळीस मिनिटांत संपला तरी चालेल, पैसे तेवढेच, आणि पोटाचे व्यायाम नकोत. त्याला आधी खरं वाटलं नाही. पहिल्या आठवड्यात तो दर दोन सेटांमध्ये माझ्याकडे अपराध्यासारखा बघायचा, काहीतरी बोलायला शोधायचा. हवामान, क्रिकेट, माझ्या मुलाची नोकरी. आता बोलत नाही.

आजचा डेडलिफ्टचा तिसरा सेट जड गेला. बार खाली ठेवला तेव्हा कानात ठोके वाजत होते. बाकावर बसलो. तो समोर हात बांधून उभा. माझ्या खांद्यांकडे बघत होता, बहुधा श्वास मोजत असावा. पलीकडे काकू ट्रेडमिलवरून उतरत होत्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "काय हो, भांडण झालं की काय तुमचं? दोघंही गप्प."

मी उठायला लागलो. त्यानं घड्याळ बघितलं नाही.

"थांबा काका," तो म्हणाला. "अजून दम खा."